धुऱ्यावरून दिसलेली छोटी लाईन

नागपुरातल्या लकडगंजातून इतवारी स्टेशनात पायी जाता येतं. वाटेत आरा मशिनी, लाकडाच्या वखारी, प्लायवुडची दुकानं, भुशाची पोती लादलेले हातठेले आणि नुकत्याच कापलेल्या सागाचा वास. शंभर वर्षांहून अधिक काळ या बाजाराच्या शेजारी एक लहान आगगाडी येऊन थांबत असे. ती इतवारीहून निघायची आणि कुही, उमरेड, भिवापूर अशी गावं घेत नागभीडला पोहोचायची. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, आणि दोन रुळांमधली रुंदी ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. १९०८ मध्ये सुरू झालेली ही लाईन नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या अखेरच्या नॅरोगेज लाईनींपैकी ती एक. पूर्व विदर्भातली माणसं तिला छोटी लाईन म्हणत आणि अजूनही म्हणतात.

गाडी थांबल्यानंतरच्या एका हिवाळ्यात मी या मार्गाची छायाचित्रं काढायला निघालो. ब्रॉडगेजचं काम महारेलकडे, म्हणजे राज्य शासन आणि रेल्वे मंत्रालयाच्या संयुक्त कंपनीकडे आलं होतं. काही तुकड्यांत रूळ जागेवर होते, काही ठिकाणी नुसती खडी उरली होती, तर काही ठिकाणी जुना भराव उकरून रुंद करायला घेतला होता. यंत्रं जसजशी पुढे सरकतील तसतसा १९०८ चा मुलूख पुसला जाणार होता. त्याआधी तिथे पोहोचायला हवं होतं.

ही लाईन बंगाल नागपूर रेल्वेची. नागपुरात पहिली आगगाडी १८६७ मध्ये आली, मुंबईकडून, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर कंपनीने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि १८९१ पर्यंत आसनसोलला नेऊन भिडवली. कलकत्त्याचा मुख्य मार्ग तयार झाला. आता राहिला त्याच्या दोन्ही अंगांचा मुलूख: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला वैनगंगेकाठची धानशेती आणि चांद्याचं रान. तिथे मोठी लाईन परवडेल एवढी वाहतूक नव्हती. अडीच फुटी लाईनीला भराव अरुंद पुरतो, पूल हलके चालतात, वळणं आवळून घेता येतात. गोंदिया–नैनपूर–जबलपूर हा मार्ग १९०३ ते १९०५ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. नागभीडची लाईन त्यानंतर तीन वर्षांनी आली. छिंदवाडा आणि चांदा फोर्टही जोडले गेले, आणि हजारभर किलोमीटरांचं जाळं उभं राहिलं. त्याची दुरुस्ती मोतीबागच्या कारखान्यात होई. १८७९ चा हा कारखाना नागपूर स्टेशनापासून फार लांब नाही.

या जाळ्यावर धावणारी सीसी वर्गाची वाफेची इंजिनं ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने बांधलेली. त्यांच्या जागी पुढे झेडडीएम वर्गाची डिझेल इंजिनं आली. रेल्वेवेड्या छायाचित्रकारांनी इंजिनांचे फोटो भरपूर काढले आहेत. धूर, पूल, वळणावरची गाडी, फलाटावर ऐटीत उभा चालक. हा ठेवा मोलाचाच आहे. पण त्या चित्रांत कॅमेरा बहुतेक वेळा रुळाजवळ असतो आणि त्याचं तोंड गाडीकडे असतं. गाडीपलीकडचं शेत, विहीर, मोहाचं झाड, गुरं घेऊन फाटकाशी थांबलेला गुराखी हे सगळं पार्श्वभूमीत विरघळून जातं.

अमेरिकेतल्या ओ. विन्स्टन लिंक यांनी ही चौकट मोडून दाखवली. १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेवरची वाफ संपत आली होती. लिंक यांनी तिथे रात्री, अनेक फ्लॅशबल्ब लावून फोटो काढले. त्यांच्या चित्रांत ओढ्यात डुंबणारी मुलं आहेत, गाडीत बसून सिनेमा पाहणारी जोडपी आहेत, दिवाणखान्यात बसलेलं कुटुंब आहे, आणि मागून इंजिन धडधडत जातं आहे. रेल्वे माणसांच्या रोजच्या जगण्यात किती आतपर्यंत आलेली असते, ते त्यांनी दाखवलं. छोट्या लाईनीवर आता इंजिनही उरलं नव्हतं. उरला होता तो फक्त मुलूख, आणि मला तोच हवा होता.

कायद्यानेही मला शेतातच उभं केलं. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. गाडी बंद झाली म्हणून जमीन गावठाण होत नाही. शिवाय कामाची यंत्रं फिरत असलेल्या भरावावर चालणं धोक्याचं. म्हणून सारे फोटो बाहेरून काढायचे ठरवले: रस्त्यावरून, फाटकाच्या अलीकडून, तलावाच्या पाळीवरून, आणि शेतमालकाला विचारून त्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. या अटीमुळे कॅमेरा आपोआप गावकऱ्याच्या जागी आला. शंभर वर्षं ही गाडी त्यांनी जिथून पाहिली तिथूनच मी रिकामा भराव पाहत होतो.

इतवारी सोडल्यावर पहिलं नाव भांडेवाडीचं. नागपूरकरांना ते माहीत आहे ते कचरा डेपोमुळे आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रामुळे. घारी वर घिरट्या घालतात, गुरं कचऱ्यात तोंड घालतात, आणि त्यांच्या मधून रेल्वेचा भराव पूर्वेकडे जातो. शहर आपलं नकोसं इकडे पाठवत होतं, त्याच वाटेने समोरून पहाटेच्या गाडीत ताजी मेथी, सांभार, वांगी, दुधाचे कॅन शहरात येत होते. ही दोन टोकं एका चौकटीत यावीत म्हणून मी बराच वेळ जागा शोधत फिरलो. अखेर एका बाजूला कचऱ्याची टेकडी, दुसऱ्या बाजूला पालकाचे वाफे आणि मधोमध भराव असा कोन सापडला. फोटो देखणा नाही. पण छोट्या लाईनीचा शहराशी असलेला व्यवहार त्यात पुरता उतरला आहे.

दिघोरी ओलांडली की प्लॉटच्या पाट्या विरळ होतात आणि काळी जमीन सुरू होते. कुही तालुक्यात हिवाळ्यात सोयाबीन निघून गेलेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते आणि तूर शेंगांवर आलेली असते. तूर पुरुषभर वाढते. तुरीच्या तासांतून पाहिलं तर नॅरोगेजचा बुटका भराव दिसतच नाही, जुन्या तारेच्या खांबांची तेवढी टोकं दिसतात. ब्रॉडगेजचा उंच भराव असता तर ही गल्लत झाली नसती. छोट्या लाईनीने जमिनीचा चढउतार फारसा बदलला नाही. जमीन जिथे वळली तिथे तीही वळली. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात हे कॅमेऱ्याला कळत नाही. सगळं सपाट आणि पांढरट येतं. सकाळी सातच्या सुमारास सूर्य क्षितिजालगत असतो तेव्हा भरावाची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते आणि शेतांमधून जाणारी रेघ एकदम उठून दिसते. हा खेळ तासाभराचा. त्यानंतर ऊन चढतं आणि रेघ पुन्हा शेतात मिसळते.

लांब पल्ल्याची भिंगं इथे उपयोगी पडतात. २०० मिलिमीटरच्या भिंगातून पाहिलं की दोन किलोमीटरांतली तीन-चार वळणं एकापुढे एक गोळा होतात. डोळ्यांना जी लाईन सरळ वाटली होती ती किती नागमोडी आहे ते तेव्हा कळतं. नव्या ब्रॉडगेजला अशी वळणं चालत नाहीत. ती सरळ करावी लागतात, आणि सरळ करताना जुन्या भरावाचे काही तुकडे बाजूला पडतात. त्या तुकड्यांकडे माझं लक्ष होतं. कागदावर त्यांना आता काही काम उरत नाही, पण लाईनीची मूळ चाल त्यांच्यातच शिल्लक राहते.

कुही आणि उमरेडच्या दरम्यान एका थांब्याजवळ कडुनिंबाखाली काही बाया बसल्या होत्या. रस्त्यावरून कॅमेरा लावलेला पाहून त्यांतली एक म्हणाली, “आता कायचा फोटो काढता भाऊ? गाडी त गेली.” मी म्हटलं, “मावशी, गाडी जिथून जायची ती जागा काढतो.” त्यावर तिने हात करून दाखवलं: तिथं टोपल्या ठेवत होतो, तिथं उन्हाळ्यात पाण्याचा माठ राहत होता, त्या दगडावर तिकीटबाबू बसत होता. “इतवारीले भाजी नेत होतो आमी. बसनं टोपलं कोण घेते?” तिच्या बोटाच्या दिशेने मी फोटो घेत गेलो. त्यांत टोपल्या नाहीत, माठ नाही, बाबू नाही. पण आता त्या प्रत्येक फोटोखाली तिने सांगितलेली ओळ आहे, आणि त्या ओळीशिवाय तो दगड नुसता दगडच राहिला असता.

तिच्या प्रश्नात या लाईनीचं अर्थशास्त्र आहे. एसटीत टोपलं घ्यायला वाहक कुरकुरतो, खासगी गाडीवाला टोपल्याचे वेगळे पैसे मागतो. पॅसेंजरच्या डब्यात टोपलं, सायकल, कोंबड्या, सगळं चढायचं. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने जाणारी गाडी वेळ वाचवत नव्हती, पैसे वाचवत होती. लकडगंजात, इतवारीच्या धान्यबाजारात, मस्कासाथेत रोजीवर येणाऱ्यांना तीच परवडायची.

उमरेडला पोहोचलं की दृश्य बदलतं. इथे वेस्टर्न कोलफिल्ड्सची मोठी खुली कोळसा खाण आहे. खाणीतून निघालेल्या माती-दगडाच्या टेकड्या लांबून डोंगरच वाटतात. या कोळशासाठी बुटीबोरीहून उमरेडपर्यंत ब्रॉडगेजचा वेगळा फाटा आहे. म्हणजे एकाच गावात कोळशाला मोठी लाईन आणि माणसांना छोटी लाईन, असा अनेक दशकांचा प्रकार होता. खाणीच्या टेकड्यांचा रंग राखाडी, तर मार्गावरच्या जुन्या मोऱ्यांच्या विटा तांबूस. एकाच उन्हात दोघांचा फोटो घेतला तर वेगवेगळ्या दोन काळांची बांधणी शेजारी शेजारी दिसते.

उमरेड हे कोष्ट्यांचं जुनं गाव. इथली रेशीमकाठी धोतरं एकेकाळी नावाजलेली होती. लाईन आली तेव्हा सूत आणि कापड नागपूरच्या पेठेशी याच रुळांनी जोडलं गेलं. आज मागांचा आवाज क्वचित ऐकू येतो. पण स्टेशनाकडे जाणाऱ्या जुन्या वस्तीची ठेवण अजून ओळखता येते. दुकानं, खानावळी, लाकडी माडीची घरं, सगळ्यांची तोंडं स्टेशनाच्या वाटेकडे आहेत. एसटी स्टँड आणि राज्य रस्ता पुढे गावाच्या दुसऱ्या अंगाला वाढले, तशी ही तोंडं मागच्या बाजूची झाली. छायाचित्रकाराला यापेक्षा चांगला पुरावा सापडणार नाही. गाव कोणत्या वाटेवर वाढलं ते घरांच्या दारांवरून कळतं.

उमरेडच्या पुढे रान जवळ येतं. उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये जाहीर झालं. नागझिऱ्याहून चालत आलेला ‘जय’ हा अवाढव्य वाघ याच रानात स्थिरावला होता आणि एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. छोटी लाईन या रानाच्या शेजारून शंभर वर्षं गेली. संथ गाडी, दिवसाकाठी मोजक्या फेऱ्या, बुटका भराव. जनावरांना तो ओलांडायला अडचण पडली नसावी. मोठ्या लाईनीचं गणित वेगळं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोंदिया–चांदा फोर्ट मार्गावर चंद्रपूरजवळच्या जुनोना परिसरात वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. तो मार्गही पूर्वी नॅरोगेजच होता, १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. म्हणून इथल्या रुंदीकरणात जनावरांसाठी भुयारी वाटा ही वरवरची सोय ठरू नये. कोणत्याही स्टेशनाच्या इमारतीइतकी ती आवश्यक आहे.

इथल्या एका मोरीत मी ओल्या मातीत उमटलेले पाय पाहिले. गुरांचे, रानडुकराचे, आणि एक बहुधा कोल्ह्याचा. १९०८ मध्ये ती मोरी पावसाच्या पाण्यासाठी बांधली. जनावरांनी ती आपली वाट केली. हा फोटो रस्त्यालगतच्या नाल्यातून, कॅमेरा जमिनीला टेकवून घेतला. पलीकडच्या तोंडातून येणारा उजेड, मधला काळोख आणि पुढच्या चिखलात खुरांच्या खुणा.

भिवापूरला लाल रंगाची सुरुवात होते. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. संकरित वाणांनी तिचं क्षेत्र बरंच घटवलं, तरी गावाची ओळख मिरचीचीच. जानेवारीपासून सातरे भरतात. सातरा म्हणजे मिरची वाळवण्याची आणि देठ खुडण्याची मोकळी जागा. डोक्याला आणि नाकाला फडकं बांधून बाया रांगेने बसतात, पुढ्यात लाल ढीग, हात अखंड चालू. खाट उठतो, डोळे चुरचुरतात, भिंगावरही बारीक धूळ बसते. हा माल नागपूरला जायचा. एके काळी त्यातला काही छोट्या लाईनीने जायचा, आता ट्रकने थेट कळमन्याच्या बाजारात जातो. मिरचीच्या लालीपुढे दुसरा कुठलाच रंग टिकत नाही. म्हणून सातऱ्याचे फोटो ढगाळ उजेडात घ्यावेत. कडक उन्हात लाल रंग फुटतो आणि मिरचीची सुरकुती हरवते.

भिवापूरनंतर जमीन उतरते आणि धानाचा मुलूख लागतो. काळ्या शेतांच्या जागी बांध्या येतात. चारही बाजूंनी पाळ असलेली, पाणी धरून ठेवणारी छोटी शेतं. हिवाळ्यात धान कापून झालेलं असतं. काही बांध्यांत धसकटं असतात, तर काहींत धान उभं असतानाच पेरलेली लाखोळी किंवा जवस निळ्या फुलांवर असतो. तणसाचे ढीग, पळसाची झुडपं आणि अधूनमधून तलाव. हे तलाव म्हणजे पूर्व विदर्भाची फार जुनी पुण्याई. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यांतले बरेचसे बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आले. आज त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ते हजारोंनी आहेत.

धानाच्या मुलखात रेल्वे घालणं म्हणजे पाण्याच्या मधोमध भिंत घालणं. तलावातून सुटलेलं पाणी एका बांधीतून दुसरीत, तिथून तिसरीत असं उतरत जातं. भरावाने ते अडलं तर वरची बांधी बुडते आणि खालची सुकते. म्हणून लाईनीखाली जागोजागी मोऱ्या ठेवाव्या लागल्या. भिवापूर ते नागभीड या पट्ट्यात त्या दाट आहेत. काही विटांच्या कमानीच्या, काही दगडी पाट्यांच्या, काही नुसते पाइप. मोरी कुठे आहे यावरून पाणी कुठून कुठे जातं ते समजतं. पाणी कळलं की शेत कुणाच्या वाटणीचं, आधी कुणाचं भरायचं, हेही गावातला माणूस सांगू शकतो. रेल्वेच्या साहेबांनी नकाशे काढले खरे, पण मोरीची जागा शेवटी तलावाने ठरवली.

या मोऱ्यांचे फोटो काढताना मला बर्न्ड आणि हिला बेखर यांचा मार्ग उपयोगी पडला. या जर्मन जोडप्याने १९५९ पासून पुढची कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या अशी मोडीत निघणारी औद्योगिक बांधकामं टिपली. ढगाळ उजेड, समोरासमोर कॅमेरा, सारखी चौकट, आणि मग सगळे फोटो ओळीने शेजारी मांडायचे. एकट्या फोटोत जे दिसत नाही ते ओळीत दिसतं. तसंच इथे केलं. प्रत्येक मोरी समोरून, सारख्या उंचीवरून, सावली नसलेल्या उजेडात. ओळीने मांडल्यावर बांधणाऱ्या हातांमधला फरक स्पष्ट होतो. एका कमानीत विटा काटेकोर बसवलेल्या, दुसरीत चुन्याच्या जाड सांध्यांनी जागा भरलेली. पुढच्या काळात कुणीतरी सिमेंटने केलेली डागडुजी, आणि पावसाळी पाण्याची पातळी दाखवण्यासाठी गँगमनने मारलेले रंगाचे पट्टे.

अशा एका पट्ट्याबद्दल तिथल्याच एका निवृत्त गँगमनने सांगितलं. पावसाळ्यात रात्रीची गस्त असायची. हातात कंदील, खांद्यावर हातोडा, बरोबर झेंडे. पाणी पट्ट्याच्या वर चढलं की गाडी थांबवायची. “काकाजी, कधी थांबवली का?” असं विचारलं. “थांबवली ना जी. मोरी गच्च भरून वाहे. सकायी पाणी उतरलं तवा सोडली.” त्याने मोरीच्या कमानीवर तळवा टेकवला आणि कोणती वीट त्याच्या देखत बदलली ते दाखवलं. गाडीच्या बाबतीत बहुतेकांना तिचा भोंगा आठवतो. या माणसाला तिच्याखालचं पाणी आठवत होतं.

नागभीड हे या लाईनीचं दुसरं टोक. चंद्रपूर जिल्ह्यातलं, घोडाझरीच्या तलावाजवळचं हे जंक्शन. गोंदियाहून वडसामार्गे चांदा फोर्टला जाणारा मार्ग इथूनच जातो. तो ब्रॉडगेज झाल्यावर नागभीडला एकाच आवारात दोन मापांचे रूळ राहिले. मोठ्या गाडीतून उतरायचं आणि छोट्या गाडीत चढायचं. दोन्ही मापांचे रूळ शेजारी असताना काढलेले फोटो आता दुर्मीळ आहेत. ज्या कुणाकडे असतील त्यांनी ते जपावेत.

माझ्या तिथल्या फोटोंमध्ये एका भिंतीवर नाटकांच्या जाहिराती आहेत. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या मुलखात, धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं केंद्र. मंडळ्या गावोगाव फिरतात, मंडप पडतो, रात्रभर खेळ रंगतो आणि पहाटे प्रेक्षक गावाकडे निघतात. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने तिच्याकडे नव्याने पाहिलं. भिंतीचा निम्मा भाग भडक रंगांनी भरलेला, उरलेला रेल्वेच्या जुन्या पिवळ्या रंगाचा, खाली वाढलेलं गवत. गाडी गेली, पण भिंत रिकामी राहिली नाही.

रुंदीकरणाबद्दल या मार्गावर कुणी मला वाईट बोललं नाही. उमरेडच्या, भिवापूरच्या, नागभीडच्या लोकांनी ब्रॉडगेज वर्षानुवर्षं मागितली. विद्यार्थी नागपूरला रोज जाऊन-येऊन शिकतील, दवाखाना जवळ येईल, धान आणि मिरची थेट लांबच्या बाजारात जाईल. ही मागणी रास्त आहे आणि नवी लाईन यायलाच हवी. प्रश्न एवढाच आहे की जुन्याची नोंद कोण ठेवणार आणि उरलेल्या तुकड्यांचं काय करणार.

याचं एक उत्तर महाराष्ट्रातल्याच एका नॅरोगेजशी जोडलेलं आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फुटी मापावर उभी केली. त्याच कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही त्याच मापाची लाईन आखली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तिचा भराव मोडून टाकला नाही. १९३७ मध्ये तिथे पायवाट केली आणि आजही लोक त्यावर चालतात, सायकली चालवतात. स्पेनने १९९३ पासून बंद रेल्वेमार्गांच्या ‘हिरव्या वाटा’ केल्या, त्यांची लांबी तीन हजार किलोमीटरांहून अधिक झाली आहे. वेल्समधली टॅलिलिन ही लाईन १९५१ पासून स्वयंसेवक चालवत आले आहेत. छोट्या लाईनीची मूळ जागा बहुतांशी ब्रॉडगेज घेणार, त्यामुळे इथे सलग पायवाट होणार नाही. पण वळणं सरळ करताना बाजूला पडलेले तुकडे ग्रामपंचायतींना देता येतील. तलावाच्या पाळीला जोडून त्यावर शाळेची वाट होईल, दोन्ही बाजूंना मोह आणि करंज लावता येतील. मार्गावरच्या एखाद्या जुन्या स्टेशनाची इमारत, तिकीटखिडकी आणि पिवळी पाटी आहे तशी ठेवता येईल.

मोतीबागला १४ डिसेंबर २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथे इंजिनं, डबे, कंदील, सिग्नलची यंत्रं पाहायला मिळतात. नागपूरच्या मुलांना न्यावं अशी ती जागा आहे. तिथे आता एक दालन गावांच्या बाजूचं हवं. उमरेडच्या बाजारपेठेचं, भिवापूरच्या सातऱ्यांचं, नागभीडच्या बांध्यांचं, मोऱ्यांच्या ओळीचं. त्यासाठी व्यावसायिक छायाचित्रकारच हवेत असं नाही. कुही-उमरेडच्या कितीतरी घरांत या लाईनीवर काढलेले फोटो असणार: वऱ्हाड घेऊन निघालेल्या डब्यासमोर उभी नवरी, फलाटावर शाळेची सहल, बदली झालेल्या स्टेशनमास्तरांचा निरोपसमारंभ. बहुतेकांच्या मागे काहीच लिहिलेलं नसतं. ते आज लिहायला हवं, सांगणारी माणसं आहेत तोवर. गाव, साल, फोटोतल्या प्रत्येकाचं नाव, आणि गाडी इतवारीकडे निघाली होती की नागभीडकडे.